नळीतलं पाणी

त्या दिवशी ना ऊन होतं ना पाऊस. आभाळ नुसतं डोक्यावर बसून होतं. झाडाचं पान हलेना. माझ्या ओळखीचा एक ब्रदर, दवाखान्यात नर्सचं काम करणारा, घाम पुसत रात्रपाळीला गेला. ऐका पोरांनो, घडलेलं सांगतोय.

वॉर्डात एक ड्रायव्हर होता. ट्रक अंगावरून गेलेला, शुद्ध नाही, पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "दर चार तासांनी पोटातला दाब मोज. नळीतलं पाणी सत्तावीस सेंटीमीटरच्या वर चढलं की मला उठव. पोट उघडावं लागेल, नाहीतर हा सकाळ बघत नाही."

मोजायची रीत अशी. लघवीच्या नळीला चिमटा लावायचा, आत थोडं सलाईन सोडायचं, नळी स्टँडला बांधलेल्या मोजपट्टीशेजारी उभी धरायची. पट्टीचं शून्य रोग्याच्या कुशीच्या उंचीला. श्वास सुटला की पाणी कुठवर आलं ते वाचायचं.

दहाला चोवीस होतं. दोनला भरलं सोळा.

ड्रायव्हरची बायको बाकावरून उठली. "दादा, उतरलं?"

"उतरलं, वहिनी. टेका आता पाठ. तुम्हीच आजारी पडलात तर त्याला खाट तुम्हाला सोडावी लागेल, मग तुमचं भांडण मला मिटवावं लागेल."

ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. डोळा लागला तिचा.

दोन वाजून दहा मिनिटं. ब्रदर चिमटा सोडायला वाकला...

मनगटावर काहीतरी गार, ओलं.

मागे कोणी नाही. हात हलेना. मग हलला... पण त्याच्या मनाने नाही. पट्टीवर गेला. पट्टीची गाठ सुटली. पट्टी खाली सरकली. आणखी खाली. शून्य कुशीपाशी येताच थांबली.

पाणी... अठ्ठावीस.

तेव्हा कुठे त्याचं खाटेकडे लक्ष गेलं. दीड वाजता वॉर्डातल्या मावशींनी चादर बदलताना मूठ फिरवून खाट अर्धी वीत उतरवली होती. पट्टी मात्र स्टँडवर होती तिथेच, म्हणून पाणी तेवढं कमी दिसलं. सोळा खोटं होतं.

त्याने डॉक्टरांना उठवलं. तीनला पोट उघडलं. उजाडता उजाडता अडलेली लघवी नळीतून उतरू लागली, तशी वहिनी रडत सुटली.

"पट्टी तपासायचं सुचलं कसं रे?" डॉक्टरांनी विचारलं.

ब्रदरने मनगट पुसलं आणि पाळी संपवून निघाला.

तासभर चालत तो घरी पोचला. कुलूप काढत होता, तेवढ्यात शेजारचा शिंपी दात घासत मागे येऊन उभा राहिला.

"अरे, थांब थांब. पाठीवर थाप कुणी मारली तुझ्या? पाचही बोटं उमटलीत... आणि अजून निथळताहेत."