सूर्य बुडायच्या आत

"ओ ताई, तुमी सूर्यात आलाय!"

क्षमानं दचकून मागं पाहिलं. शिरोड्याच्या किनाऱ्यावर ती घोटाभर पाण्यात उभी होती. मागं वाळूत गुडघा टेकून एक सडपातळ पोरगा कॅमेऱ्यातून तिच्याकडे बघत होता. म्हणजे तिच्याकडे नाही, सूर्याकडे. निदान त्याचं म्हणणं तरी तसंच होतं.

"सूर्य केवढा, मी केवढी!" ती म्हणाली.

"तरी झाकलासा की."

हा अभिनंदन, बेळगावातल्या शहापूरचा फोटोग्राफर. क्षमाची चुलत बहीण नीलम हिचं लग्न ठरलेलं, आणि लग्नाआधीचे फोटो समुद्रावरच काढायचे हा तिचा हट्ट. म्हणून तो बेळगावहून परस्पर आला होता, आणि निपाणीहून गाडीतून नीलम, तिचा होणारा नवरा सौरव आणि त्या दोघांवर लक्ष ठेवायला क्षमा.

क्षमावर लक्ष ठेवायचं काम तिच्या आईनं, कांताबाईंनी, स्वतःकडेच ठेवलं होतं. नीलमच्या लग्नात पुण्याचे पाहुणे क्षमाला बघणार होते. मुलगा चांगला, घर चांगलं, नाही म्हणायला कारणच नव्हतं. हो म्हणायला मात्र तिला अजून एकही सापडलं नव्हतं. लग्नाच्या संध्याकाळीच त्यांना उत्तर द्यायचं, असं आईनं बजावून ठेवलेलं.

नीलमला काळ्या आकृत्यांचे फोटो हवे होते. तोंडं दिसायची नाहीत, नुसते दोन आकार आणि मागं तांबडा सूर्य. पण सूर्य खाली उतरू लागला, आणि नेमका तेव्हाच नवरा-नवरीनं सुरूच्या झाडाखाली डबा उघडला. घराणी जैन. सूर्य बुडाला की एक घास पोटात जायचा नाही, मग लग्न असो की फोटो.

"ओ सौरव, आटपा की! सूर्य चालला!"

"चाललाय म्हणून तर जेवतोय," घास चावत सौरव म्हणाला. त्याचं जेवण नेहमीच सावकाश.

अभिनंदन चुळबुळला. "ताई, तवर तुमी उभारा. उजेड बघून ठेवतो."

"एकटीच? नीलम काय एकटीच लगीन करणार हाय?"

तो हसला. कॅमेरा स्टँडवर लावला, टायमर दिला आणि वाळू उडवत पळत येऊन तिच्यासमोर उभा राहिला. मध्ये सभ्यपणे हातभर अंतर. वारा सुटला होता, ओढणी त्याच्याकडे धावत होती... क्षमा गोंधळली की वेणीचं टोक बोटाला गुंडाळायची, लहानपणापासूनची खोड. आताही हात आपोआप तिकडंच गेला.

"हसू नगासा."

"का? तोंड कुठं दिसणार हाय?"

"मला दिसतंय की—"

आणि फोटो निघाला.

नीलम-सौरव हात धुऊन येईपर्यंत सूर्य ढगाआड शिरला. चार फोटो निघाले, पण फिकेच. अंधारू लागलं तेव्हा क्षमानं उरलेली भाकरी आणि शेंगाचटणी अभिनंदनपुढं धरली.

"न्हाय, आता नको. सूर्य बुडाला की आमच्यात जेवत न्हाईत."

"आमच्यात? म्हंजे तुमी पण...?"

"व्हय. बस्तीला, आमच्या जैन देवळाला, लागूनच घर हाय आमचं."

"आणि धंदा हा! रोज सूर्य बुडताना फोटो, रोज उपास?"

"रोज न्हाय. पावसाळ्यात जेवतो."

ती पोट धरून हसली. मग एकदम तिला वाईट वाटलं. आंबोलीचा घाट चढताना गाडीत सगळे पेंगत होते, आणि ती मात्र त्या उपाशी पोराचाच विचार करत होती. पुण्याचा मुलगा तिला एकदाही आठवला नाही.

लग्नाच्या सकाळी निपाणीतल्या कार्यालयासमोर क्षमा रिक्षातून उतरली आणि जागीच थबकली. दारावर भला मोठा फ्लेक्स. वर कन्नडात, खाली मराठीत स्वागत आणि मधोमध तांबड्या सूर्यापुढं कमरेपासून वरच्या दोन काळ्या आकृत्या. मुलीच्या बोटाला वेणीचं टोक गुंडाळलेलं.

"हे... हे तर..."

"तुमी न् मी," शेजारून आवाज आला. अभिनंदनचा चेहरा पडला होता. "सगळं फोटो एकदमच पाठवलं. नीलमताईंनी त्यातनं हाच निवडला, आपलाच समजून परस्पर छापायला दिला. मी बी आत्ताच बघतोय."

"आणि सौरवला कळलं न्हाय?"

"ते खूश हाईत. एवढं जेवूनसुद्धा बारीक दिसतोय म्हणतात."

क्षमाला हसू आवरेना. "पण तुमी पुसून टाकायचा हुता की!"

"बोट नेलतं..." तो खाली बघत म्हणाला. "पुसवला न्हाय."

क्षमा झटकन आत गेली. दिवसभर पाहुणे त्या फ्लेक्सपुढं उभं राहून फोटो काढत होते. पुण्याच्या पाहुण्यांनीही काढला. कुणी ओळखलं तर, या भीतीनं तिचा जीव जात होता. आणि कुणीच ओळखू नये, असंही तिला वाटत नव्हतं.

ऊन कललं तशी पंगत बसली. सूर्य बुडायच्या आत सगळ्यांना वाढायचं, त्यामुळं एकच धांदल. नीलम-सौरव लवकर जेवून गच्चीवर गेले होते. तिथं मावळतीचे फोटो काढायचे होते, या वेळी नीट. अभिनंदन कॅमेरा लावून तयार होता, आणि क्षमा ताट घेऊन जिना चढली.

"जेवा."

"आत्ता? अवो, सूर्य..."

"त्याच्यासाठीच म्हणतीया."

त्यानं सूर्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. "पुण्याचं पाव्हणं उत्तर मागायलेत म्हणं."

"व्हय."

"काय सांगणार हायसा?"

क्षमाचा हात वेणीकडे गेला. "तुमी जेवता का न्हाय, त्याच्यावर हाय."

त्यानं कॅमेऱ्याला टोपण लावलं.

"नीलमताई, मी जेवून घेतो."

"अवो, सूर्य चाललाय!" नीलम ओरडली.

"उद्या येतोय की!"

तो तिथंच मांडी घालून बसला. पहिला घास हातात धरून हळूच म्हणाला, "क्षमा... त्या सांजंपासनं सूर्य बुडाला की तुमीच आठवतासा. रोज अशी जेवायला हाक मारशीला?"

"रोज," ती म्हणाली. "पावसाळ्यात पण."

"तो खालचा बोर्ड..."

दोघं दचकली. कांताबाई दुसरं ताट घेऊन जिन्यात उभ्या होत्या.

"आई... अगं, ते..."

"त्या बोर्डावरची वेणी माज्या हातची हाय. सकाळीच कळलं मला." त्यांनी अभिनंदनकडे जरा वेळ निरखून पाहिलं. तो घास तसाच धरून बसला होता. "खावा की, हातात काय धरून बसलासा? पुण्याच्या पाव्हण्यांना मी सांगते काय ते. आणि तू गं? तू तरी कुठं जेवलीयास? बस, सूर्य चाललाय."

क्षमा बसली. कठड्यापाशी नीलम कमरेवर हात ठेवून उभी होती, सौरव तिची समजूत काढत होता. त्यांच्या मागं सूर्य लालभडक होऊन बुडाला. त्याचा एकही फोटो कुणी काढला नाही.