आमचे_हे

डेटाबेसमधल्या फील्डला, म्हणजे रकान्याला, नाव देताना मी कुणाचं ऐकत नाही. सगळी अक्षरं लहान, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर, आणि नाव वाचताक्षणी आत काय आहे ते कळलं पाहिजे. बेळगोळच्या एका कारखान्याचा डेटाबेस सांभाळता सांभाळता माझे केस पिकले. तिथली पोरं मला पाठीमागं ‘अंडरस्कोर अम्मा’ म्हणतात. म्हणोत बापडी.

आई गेल्यावर अप्पांनी जेवण सोडल्यातच जमा होतं. चार घास झाले की ताट सरकवायचे आणि म्हणायचे, “साकु.” पुरे. दुसरं बोलणंच नाही. वजन आणखी उतरलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मी लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या घरी त्यांच्यापुरता एक छोटा डेटाबेस केला. काय खाल्लं, कुठली गोळी घेतली, वजन किती. धाकटा भाऊ शशांक चेन्नईत असतो, त्याला तो नुसता बघता येत होता. पहिलं फील्ड अर्थातच पेशंट_नेम. त्यात मी वडिलांचं नाव भरलं, वेंकोबा.

एका दुपारी जेवणाची नोंद करायला बसले, तर त्या फील्डचं नावच बदललेलं. आमचे_हे.

मी शशांकला फोन लावला. “आईची नक्कल करतोस? लाज नाही वाटत?”

“कसली नक्कल गं अक्का?”

मी सांगितलं. तो म्हणाला, “मला त्यात काही बदलता येत नाही. तूच तसं ठेवलंयस, गोत्तल्ला, माहितीय ना तुला?”

खरंच होतं ते. बदल माझ्याच खात्यातून झाला होता, मी मंडी मोहल्ल्यात भाजी घेत होते तेव्हा. घरी अप्पा एकटे, आणि त्यांना माऊससुद्धा धरता येत नाही. मी पासवर्ड बदलला आणि पेशंट_नेम परत घातलं.

आई अप्पांचं नाव घ्यायची नाही, ‘आमचे हे’ म्हणायची. बँकेत कुणी विचारलं तरी मला कोपरानं ढोसायची, “तू सांग गं.”

दुसऱ्या दिवशी आमचे_हे परत आलं. शिवाय मील_स्टेटस गेलं होतं. त्याच्या जागी होतं ऊटा_झाला_का, म्हणजे जेवण झालं का. अर्धं कन्नड, अर्धं मराठी, आणि इंग्रजी अक्षरांत ‘ऊटा’ लिहिताना दोन ओ घातलेले, आई मेसेजमध्ये घालायची तसे.

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? पण रडूही तितकंच आलं. मी मोठ्यानं वाचलं, “आमचे हे, ऊटा झाला का?”

अप्पांनी मान वर केली. हसले. सरकवलेलं ताट पुन्हा पुढं ओढून घेतलं.

मग कसले नियम आणि कसलं काय. रोज ताट वाढायचं, लॅपटॉप उघडायचा, मोठ्यानं वाचायचं. अप्पा हुळी-भात पोटभर जेवू लागले, चित्रान्न मागून घेऊ लागले. मधूनच एखादं फील्ड बदललेलं असायचं. वजनाचं झालं किती_वाळलात. औषधाचं झालं गोळी_विसरू_नका. शशांक ती नावं बघून फोनवर रडायचा आणि हसायचाही. अप्पांचं वजन चढलं. आई असताना घर जसं होतं, तसंच जवळजवळ झालं होतं, आणि मला ते फार हवं होतं.

काल दुपारी मी ताट वाढलं, लॅपटॉप उघडला. बाकीची फील्ड होती तशीच होती. पहिल्याचं नाव बदललं होतं, आमचे_हे गेलं होतं.

वेंकोबा.

हे नाव आईनं जन्मात एकदाच घेतलं होतं. लग्नाच्या दिवशी, याच घराच्या उंबऱ्यावर. घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत.

मी ते वाचलं नाही. ओठ घट्ट मिटले आणि लॅपटॉप बंद केला.

“ओ,” अप्पा म्हणाले. दाराकडं बघत, खणखणीत. “आलोच.”

ताटात भात तसाच होता. ते उठायला लागले. मी त्यांचा हात धरला.

“बसा ना, अप्पा. ताक तरी घ्या.”

“तिथं घेतो गं,” ते मायेनं म्हणाले आणि माझी बोटं एकेक करून सोडवू लागले.