काव्याच्या नावाचा तांब्या

बसा की. फक्त ती मधली खुर्ची सोडा, पाण्याची बाटली ठेवलीय ना, ती. पलीकडं बसा ऐसपैस. डॉक्टर राउंडला गेलेत, तासभर काय येत न्हायत. मी धोंडीराम. बत्तीस वर्सं एसटीत कंडक्टर, सोलापूर-मंगळवेढा. आता महिन्यातनं एकदा हितं येतो, रक्त द्यायचं, वजन करायचं, घरी जायचं. किडनी बदलून वर्ष झालं.

तुमचे वडील किडनीच्या यादीत हायत म्हणता? वय काय? सदुसष्ट. माझ्यापेक्षा दोनानं थोरले. मग तुमाला सांगितलंच पायजे.

पाच वर्सं मी आत त्या खिडकीजवळच्या पलंगावर डायलिसिस घेतलं. आठवड्यातनं तीनदा. दिवसाला पाणी अर्धा लिटर, चहा-आमटी त्यातच धरायची. सोलापूरचा मे महिना आन् अर्धा लिटर! जीभ टाळूला चिकटायची. घरात नळाला पाणी आलं की त्या आवाजानंच रडू यायचं मला. एवढा थोराड बाप्या, पण यायचं.

शेजारच्या पलंगावर काव्या. मंगळवेढ्याची, वीस वर्सांची, कॉलेजात शिकत होती. तिच्या आईचं नाव शिवलीला, ती घेऊन यायची. बाप न्हवता, आन् आईला साखरेचा आजार, म्हणून आईची किडनी चालंना. मशीन लावायच्या आधी हितं वजन करत्यात, अंगात पाणी किती साठलं ते बघायला, आन् संपल्यावर परत एकदा, वजन जागेवर आलं का बघायला. काट्यावर उभी राहिली की पोरगी ओरडायची, ‘कंडक्टर आजोबा, अडतीस! जागेवर!’ लई बोलकी. मोबाइलवर धबधबे बघत बसायची. मी म्हणायचो, ‘अगं बये, बंद कर ते, जीव जातोय माझा.’ तर हसायची. म्हणायची, ‘आजोबा, किडनी बसली ना, की उभ्यानं, घटाघटा, अख्खा तांब्या.’

गेल्या साली एका सकाळी फोन आला. अपघातात गेलेल्या कुणाच्या तरी घरच्यांनी किडन्या दिल्या होत्या, देव त्यांचं भलं करो. एक हितं येणार होती. बोलावलं दोघांना, मला आन् काव्याला. तरुण वयाचे गुण तिला जास्त, वाट बघितल्याचे मला. सगळं धरून मी पहिला, ती दुसरी. पहिल्याचं जुळलं न्हाय, न्हायतर त्यानं नको म्हणलं, तर दुसऱ्याला मिळणार.

दुपारी कळलं, माझं जुळलं. शिवलीला त्या भिंतीला टेकून उभी होती. नुस्ती बघत होती बाई माझ्याकडं. बत्तीस वर्सं गाडीत मी काय केलं? तरण्या पोरांना दटावलं, ‘ए, ऊठ, म्हाताऱ्या माणसाला बसू दे.’ त्या दिवशी कुणी मला म्हणलं असतं, ‘धोंडीराम, आता तू ऊठ’... पण कुणी म्हणलं न्हाय, आन् मीबी उठलो न्हाय. माझा नंबर होता की! पाच वर्सं वाट बघितली होती. मला जगायचं होतं, पोटभर पाणी प्यायचं होतं. खोटं कशाला बोलू?

काव्याच जवळ आली. म्हणली, ‘जावा आजोबा, शीट तुमची हाय. फक्त पहिला तांब्या माझ्या नावानं प्या.’

‘पितो,’ म्हणलो.

घरी आल्यावर डॉक्टर सांगायचे, भरपूर पाणी प्या. मी पेल्यानं प्यायचो. तांब्याला हात लावायला धजत न्हवतो. दोन महिने असेच गेले. मग एका दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, बाहेर चिटपाखरू न्हाय, माठातल्या वाळ्याचा वास घरभर. म्हणलं, शब्द दिलाय पोरीला. तांब्या भरला, उभा राहिलो, मोठ्यानं म्हणलो, ‘काव्या, हे तुझ्या नावानं.’ घटाघटा प्यायलो. तांब्या खाली ठेवला.

तरी घटघट थांबंना...

तोंड माझं मिटलेलं होतं. आन् माझ्या शेजारी कुणीतरी पीतच होतं. सावकाश. मग एक सुस्कारा ऐकू आला, आन् सगळं गप झालं. घड्याळात सव्वातीन.

माझी बायको मीनाबाई सैपाकघराच्या दारात उभी, पांढरीफटक. ‘अवो... काय केलं हे? जित्या माणसाच्या नावानं पाणी सोडत्यात व्हय? गेलेल्याला देत्यात तसं!’

मला सुचलंच न्हवतं हो. लेकरानं मागितलं, दिलं.

संध्याकाळी शिवलीलाचा फोन आला. डायलिसिसला येताना एसटीतच गेली पोरगी, बेगमपूरच्या पुढं. सकाळपासनं पाणी पाणी करत होती. सव्वातीनला एकाएकी म्हणली, ‘आई, भागली गं तहान.’ आन् आईच्या खांद्यावर मान टाकली.

तवापासनं माझी तहान भागत न्हाय. तांब्यावर तांबे पितो, घसा कोरडाच. डॉक्टर म्हणत्यात, किडनी झकास चाललीय.

गेल्या महिन्यात हितं वजनाला उभा राहिलो. सिस्टर मान खाली घालून लिहीत होती. म्हणली, ‘आजोबा, मागच्यांना पाय काढायला सांगा.’ मागं कुणी न्हवतं. काट्यावर चौऱ्याण्णव. मी छप्पन किलोचा माणूस! उतरलो, परत चढलो. चौऱ्याण्णव. सिस्टरनं सवता चढून बघितलं, तर तिचं बरोबर दाखवलं. तुमीच करा वजाबाकी.

भ्या वाटतं, का वाटणार न्हाय? पण त्याच्याहून जास्त तिची आठवण येती. एकदा तरी ‘जागेवर!’ म्हणावं तिनं, लई वाटतं. तुमच्या वडलांना काय सांगू, घ्या म्हणू का उठा म्हणू? आज परत तसाच फोन आला, तर मी उठंन का न्हाय, तेच मला ठावं न्हाय. म्हणून निदान हितं आलो की तिच्यासाठी एक खुर्ची धरतो, वर नवी बाटली ठेवतो.

आलो सिस्टर, आलो!... वजनाला बोलावत्यात. जरा बाटलीकडं लक्ष ठेवा. हात लावून बघा, झाकणाचं सील अजून तुटलेलं न्हाय. तुमी आलात तवा गळ्यापतुर भरलेली होती, बघितलीत की तुमी. आता किती राहिलीय?