घरात माणसं किती?

लिफाफा आईच्या हातात होता, आणि फोडलेला होता! ताईने घरोघरी मोजणीच्या कामासाठी अर्ज केला होता, त्यावर जनगणना कार्यालयाने कळवलं होतं, बोटांच्या ठशांवरून जुनी शिक्षा आढळली, पंधरा दिवसांत खुलासा द्यावा. आईने कागद ताईपुढे टाकला आणि ती आत गेली. तुरुंगातून सुटून पाच वर्षं झाली, पण गाडीखाली एका म्हाताऱ्याचा जीव घेणाऱ्या या मुलीशी आई बोलत नव्हती...

दाराआड धाकटा भाऊ उभा होता. त्या दिवशी गाडी त्याने चालवली होती, हे जगात दोघांनाच ठाऊक! तेव्हा तो एकोणीस वर्षांचं पोर, त्यात आईचा सगळा जीव त्याच्यात अडकलेला. ताईने क्षणाचाही विचार न करता गुन्हा स्वतःवर घेतला होता.

"ताई... खुलाशात काय लिहिणार?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"कोर्टात सांगितलं तेच. शिक्षा झाली म्हणून काम मिळतच नाही असं नसतं रे. गुन्हा कसला, किती जुना, ते बघतात."

काम मिळालं. पण लिफाफा आल्यापासून घरात कसलीतरी अशुभ चाहूल वावरत होती... बेल वाजली की भाऊ ताटावरून उठून आत जाई, आणि दार ताई उघडे.

मोजणीच्या तिसऱ्या दिवशी यादीत तिचंच दार आलं. गळ्यात ओळखपत्र अडकवून तिने परक्यासारखी बेल वाजवली. घर स्वतःचं असलं तरी विचारल्याशिवाय लिहायचं नाही, अशी तिची शिस्त.

"या घरात नेहमी राहणारी माणसं किती?"

पाच वर्षांनी आई तिच्याशी बोलली. "दोन."

ताईचं पेन थांबलं. "आई, तुरुंगात होते तेव्हा माझी गणती तिथली. आता मी इथे राहते गं..."

"दोन म्हटलं ना!"

"तीन!" आतून धावत आलेला भाऊ ताईच्या पायांशी कोसळला. "मोजणीत सांगितलेलं बाहेर जात नाही ना, ताई? तशी शपथ घेतलीयस ना? मग ऐक आई... म्हाताऱ्याला मी उडवलं! ही माझ्यासाठी आत गेली!"

ताईने त्याच्या तोंडावर हात ठेवला, पण फार उशीर झाला होता. आई भिंत धरून खाली बसली. मग तिने ताईचा चेहरा जवळ ओढला. "पोरी... माझ्या पोरी! काय केलंस गं हे... आणि मी काय केलं!"

मुलाकडे वळताना मात्र तिचे डोळे कोरडे झाले.

"दोनच लिही," ती म्हणाली. "तू आणि मी."

भाऊ उठला. बुटांच्या नाड्या बांधायला त्याला बराच वेळ लागला. "येतो जाऊन," तो म्हणाला. कुठे, ते ताईने विचारलं नाही. पोलीस चौकी कोपऱ्यावरच होती.

त्याची पावलं जिना उतरत होती. ताईने घाईघाईने डोळे पुसले आणि रकान्यात लिहिलं, तीन. आज तरी तो इथलाच होता.