वस्ती नाही

ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांच्या बाबतीत घडली ते माझे थोरले मामा, सखाराम. मामांना बढाया मारायची सवय होती, हे आधीच सांगून टाकतो. पण बढाईत माणूस मोठा होत जातो. या गोष्टीत मामा इतके लहान होतात, की ती त्यांनी आयुष्यात एकदाच सांगितली. तीही माझ्याकडे न बघता.

भुतं रात्री दिसतात म्हणे.

हे दिसलं भर दुपारी. साडेबाराला.

सन १९८६, होळीच्या आधीचा मंगळवार. रत्नागिरीहून एसटीने दीड तास, जयगडच्या खाडीच्या अलीकडचा एक सडा, म्हणजे उघडा कातळाचा माळ. गावाचं नाव सांगत नाही. तिथले आंबे मी खाल्लेत.

विजेची मोठी लाइन त्या बाजूने न्यायची होती. मनोरे नंतर उभे राहतात. त्याआधी कुणाला तरी कातळावरून उन्हात चालत जाऊन ती कुठून जाणार हे ठरवावं लागतं. मामा एका ठेकेदाराकडे ते काम करत. वय एकतीस. हाताखाली दोन माणसं. साखळी ओढणारा काशीराम, आणि लाल-पांढरी दांडी धरून लांब उभा राहणारा केरू. शिवाय तीन पायांवरची एक जुनी दुर्बीण.

त्या दुर्बिणीची एक खोड होती. तिच्यात सगळं उलटं दिसायचं. जमीन वर, आभाळ खाली. केरू म्हणजे दांडी धरून छताला लटकलेलं वटवाघूळ. नवख्याला गरगरायचं. मामांचा डोळा मात्र इतका सरावला होता, की त्यांना ते उलटं वाटेनासंच झालं होतं.

एवढं ध्यानात ठेवा.

नकाशावरची सरळ रेघ गावातल्या आप्पांच्या आंब्याच्या कलमबागेतून जात होती. तारांखालची झाडं तोडावी लागतात. आप्पांची छत्तीस कलमं जाणार होती, सगळी कैऱ्यांनी लगडलेली. ती वाचवायची तर सड्यावर एक वळण घ्यायचं आणि बागेला बगल देऊन कातळावरून पुढे जायचं. कातळावर होतं काय? काही नाही. एक घर सोडून.

सगुणाचं घर.

आणि नियम साधा होता. राहत्या घरावरून लाइन न्यायची नाही.

आता आप्पांबद्दल. मोठे बागवाले, पण माणूस हुशार. बारा दिवस मामा रोज दुपारी त्यांच्याकडे जेवले आणि बारा दिवसांत आप्पांनी लाइनचा विषय एकदाही काढला नाही. सुरमई काढली, खेकडे काढले, सोलकढी काढली. पडवीत मामांसाठी वेगळी खुर्ची मांडली. "या साहेब", "बसा साहेब", "साहेबांना भात वाढा." घरी मामांना सगळे "सख्या" म्हणत. आजी तर "सख्या, मेल्या" म्हणायची. तेव्हा साहेब या शब्दाने काय होत असेल ते बघा.

पैसे मामांनी घेतले नाहीत. कुणी देऊही केले नाहीत. मला नेहमी वाटतं, दिले असते तर मामा चिडून उठले असते आणि सगळं टळलं असतं. खुर्चीवर माणूस चिडत नाही.

बाराव्या दिवशी हात धुताना आप्पा सहज बोलले, "सड्यावर त्या बाजूला काय आहे हो साहेब? एक पडका गोठाच ना?"

मामा म्हणाले, "बघून येतो."

बघून आले. सोमवारी, सकाळी, केरूला घेऊन.

गोठा नव्हता. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, दारात तुळस, बाजूला चार काजूची झाडं. गाय बांधलेली, तिच्या गळ्यातली घंटा वाजत होती. पन्नाशीची एक बाई अंगण सारवत होती. नवरा मुंबईला गेला तो गेलाच, ती एकटीच राहायची. तिने दोघांना गूळ-पाणी दिलं. भाजलेल्या काजूची पुरचुंडी मामांच्या हातात ठेवली.

मग विचारलं, "सायब, तार माज्या घरावरनं जानार काय ओ?"

"नाही बाई. घर असलं की तिथून लाइन जात नाही. नियमच आहे तसा."

"मंग लिवा ना तसा. हितं घर हाय म्हनून लिवा. सगुणा ऱ्हाते म्हनून पन लिवा."

केरू हसला. "वयनी, ती काय मतदार यादी हाय?"

"तू गप रं मेल्या. तू तुजी दांडी धर."

मामांनी नोंदवही उघडली. पेन्सिल काढली. आणि तिच्यासमोर, तिच्याच अंगणात उभं राहून, स्वच्छ अक्षरात लिहिलं...

पडका गोठा. वस्ती नाही.

सगुणाला वाचता येत नव्हतं. तिने वाकून त्या अक्षरांकडे कौतुकाने पाहिलं.

"एवडासाच? माजा घर एवड्यात मावला?"

"मावलं."

मग तिने सारवणाचा ओला हात पानावर ठेवला. देवाच्या पायरीवर ठेवावा तसा. "ऱ्हाऊ दे बाबा हितंच," म्हणाली.

पानावर शेणाची पाच बोटं उमटली.

मामा मला म्हणाले होते, "शेणाचा हात होता म्हणून मला राग आला रे. वही खराब झाली म्हणून."

दुसऱ्या दिवशी मंगळवार.

वळणाच्या जागी मामांनी दुर्बीण लावली. केरू दांडी घेऊन सगुणाच्या घरापलीकडे गेला. काशीराम मामांच्या शेजारी. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेला कातळ. सावली नावालाही नाही. लांबून गाईची घंटा ऐकू येत होती. कुठेतरी होला घुमत होता.

मामांनी डोळा लावला.

उलटं आभाळ. उलटा केरू. उलटं घर, कौलं खाली, जोतं वर. सगळं नेहमीसारखं.

आणि अंगणात...

एक बाई उभी.

सुलटी.

डोकं वर, पाय खाली. अवघं जग उलटं टांगलेलं आणि त्यात ती एकटी सरळ उभी. चेहरा दुर्बिणीकडे.

मामांनी डोळा काढला. समोर घर होतं. दार बंद. अंगणात कुणी नव्हतं.

पुन्हा डोळा लावला.

ती होती. अंगणाच्या अलीकडे आली होती.

मामा तीस वर्षांनी हे सांगत होते, तरी त्यांचा उजवा डोळा मिटला होता. म्हणाले, "चालताना दिसली नाही. मी डोळा काढला की जवळ यायची."

मग त्यांच्या लक्षात आलं...

घंटा थांबली होती.

होलाही.

वारासुद्धा पडला होता. सड्यावर वारा पडत नाही.

"काशीराम, जरा बघ रे. काय दिसतं?"

काशीराम वाकला. "केरू दिसतो. उलटा."

"आणि बाई?"

"बाई कुटली?"

"अरे त्या घरापुढे!"

काशीरामने डोळा काढून मामांकडे बघितलं. उन्हाने डोकं फिरलेल्या माणसाकडे बघावं तसं.

"घर कुटंय सायब? ततं त गोटा हाय. पडका."

मामांनी मान वर केली.

चिऱ्याच्या दोन भिंती. छप्पर नाही. आत माणसाएवढं रान माजलेलं. तुळस नाही, काजू नाहीत, गाय नाही. सात-आठ पावसाळे खाल्लेलं पडकं बांधकाम.

काल सकाळी तिथे ते पाणी प्यायले होते.

त्यांनी केरूला हाका मारून बोलावलं. केरू धापा टाकत आला.

"केरू, काल आपण कुठे पाणी प्यायलो?"

"काल? काल कुटं पानी सायब? काल त तुमी एकलेच आलाव हिकडं."

मामांनी खिशात हात घातला. पुरचुंडी होती. काजू होते. नोंदवही उघडली. त्यांचंच अक्षर. खाली शेणाची पाच बोटं, वाळून करकरीत झालेली.

म्हणजे बाई होती. घर होतं. ते खोटं नव्हतं.

खोटं होतं ते फक्त लिहिलेलं. आणि आता समोर जे होतं, ते तंतोतंत लिहिल्यासारखं होतं.

मामांच्या हातात पेन्सिल होती. त्यांना त्या क्षणी पक्कं वाटलं, आपण ही ओळ खोडली आणि "राहतं घर" असं लिहिलं, तर मान वर करू तेव्हा कौलं दिसतील. घंटा वाजेल. दोन शब्द लिहायचे. बस.

पण काशीराम बघत होता. केरू बघत होता. दोघांच्या देखत पडक्या गोठ्याला राहतं घर लिहायचं? उद्या सगळ्या कामावर चेष्टा. साहेबाला उन्हात बाई दिसली.

मामांनी शेवटचा डोळा लावला.

केरू नव्हता. घर नव्हतं. आभाळ नव्हतं.

काळोख... आणि त्यात रेषा.

हाताच्या रेषा. तळवा थेट भिंगाला लावलेला.

मामा मागे झाले. भिंगापुढे काहीच नव्हतं. ऊन होतं.

तेवढ्यात सड्याच्या कडेवरून आप्पांच्या गड्याने हाळी दिली. "सायेब! पानं मांडली!"

आणि मामांनी काय केलं?

वही मिटली.

गेले. जेवायला.

तो गोठा तिथून चारशे पावलांवर होता. जाऊन बघणं सोपं होतं. गेले नाहीत. ज्या माणसाने त्या महिन्यात सगळा सडा पायांनी मोजला, तो चारशे पावलं गेला नाही.

पडवीत खुर्ची मांडलेली होती. पानात सुरमई होती. पहिला घास घेऊन मामांनी हळूच विचारलं, "आप्पा, तुमच्या गावात सगुणा म्हणून कुणी..."

वाढणाऱ्या बाईचा हात थबकला.

आप्पांनी मान वर केली नाही. कोण सगुणा, असंही विचारलं नाही.

"साहेब, कढी घ्या. जेवताना तो विषय नको."

मामांनी कढी घेतली. भातही घेतला. दोनदा. हे त्यांनीच मला सांगितलं, मी विचारलं नव्हतं. "दोनदा घेतला रे," म्हणाले.

मामांनी गावात नंतर विचारून पाहिलं. सगळ्यांचं उत्तर एकच. त्या सड्यावर कधी वस्तीच नव्हती.

अठ्ठ्याऐंशी साली लाइन उभी राहिली. सड्यावर वळण घेऊन, बागेला बगल देऊन. छत्तीस कलमं वाचली. दर मे महिन्यात आप्पांकडून मामांच्या घरी हापूसची पेटी येऊ लागली. वर लिहिलेलं असायचं, साहेबांस. सुट्टीत आम्ही भाचरं तिकडेच असायचो. पेटीवर तुटून पडायचो. मामा मात्र आंब्याला हात लावत नसत. आम्हाला वाटायचं, त्यांना पित्ताचा त्रास आहे.

पुढच्या कामावर दाभोळच्या बाजूला त्यांनी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. पहिल्याच दिवशी. उलट्या डोंगराच्या कोपऱ्यात कुणीतरी सुलटं उभं होतं. लांब. फार लांब.

संध्याकाळी काम सोडलं. मग जन्मभर रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या एका बर्फाच्या कारखान्यात लाद्या मोजल्या.

मामा जाऊन सहा वर्षं झाली. जाण्याआधी नोंदवही माझ्या हातात दिली. सोबत एक पेन्सिल, टोक काढलेली. म्हणाले, "मला नाही जमलं. तू तरी खोड."

मी हो म्हणालो.

एकदा त्या सड्यावरही जाऊन आलो. वर तारांची गुणगुण. खाली दोन भिंती आणि रान. मी लांबूनच बघितलं. किती लांबून, ते विचारू नका.

ओळ अजून तशीच आहे. कारण मी एक विचार करून ठेवला आहे. समजा मी खोडलं. समजा ते घर परत उभं राहिलं. कौलं, तुळस, गाय... आणि ती अंगणात. पण आता तिच्या डोक्यावरून लाइन जाते. तिला तिथे परत आणणं बरं का?

कारण चांगलं आहे. मलाही पटतं. मामांना कढी पटली होती, तसंच.

काल रात्री हे लिहायच्या आधी तारीख बघायला म्हणून वही उघडली. पान सापडायला वेळ लागला नाही.

पान जड झालं होतं.

शेणाची पाच बोटं...

ओली होती.