तात्यांचा पत्ता

आज यंत्रमागांना सुट्टी होती, म्हणून तो आवाज मृदुलाला ऐकू तरी आला. एरवी इचलकरंजीच्या त्या गल्लीत दिवसभर मागांचा असा खडखडाट असतो, की शेजारच्या घरात भांडण पेटलं तरी कळायचं नाही.

तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या खाटेजवळचं श्वासयंत्र पुन्हा धोक्याची पिपाणी वाजवायला लागलं होतं. मृदुला धावली. जन्मभर सुताची धूळ खाल्लेली छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि ओठ निळसर पडले होते.

"आप्पा, आलेच हं! घाबरू नका."

"मी नाही घाबरत," आप्पा कसेबसे म्हणाले. "तुझंच तोंड बघ आरशात."

आणि पिपाणी आपोआप थांबली. हवा पुन्हा नळीतून फुसफुसत यायला लागली. सकाळपासून हे असंच चाललं होतं. मृदुलाचा नुसता जीव टांगणीला लागला होता.

हे यंत्र स्वतःच्या बुद्धीने चालत नसे. आप्पांच्या प्रत्येक श्वासाची खबर ते जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवी, आणि किती प्राणवायू सोडायचा याचा हुकूम केंद्राकडून येई. हुकूम आला नाही, की यंत्र हवा कमी कमी करत बंद पडे. चोरलेली यंत्रं चालू नयेत म्हणून कुणा शहाण्याने ही सोय केली होती. केंद्र यंत्राला ओळखत असे ते त्याच्या यंत्रपत्त्यावरून. यंत्राच्या आत इंटरनेटच्या जाळ्याशी बोलणारं एक कार्ड असतं, आणि त्या कार्डावर कारखान्यातच बारा अक्षरी पत्ता कोरलेला असतो. पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्याची, उरलेली त्या एका कार्डाची. तसा पत्ता जगात दुसऱ्या कुणाचा नसावा, असा नियम.

काल संध्याकाळी विजेचा दाब वाढला आणि आप्पांच्या यंत्राचं कार्ड जळालं. मृदुलाने नवं कार्ड बसवलं आणि इमानेइतबारे तक्रार नोंदवली. तिथेच चुकलं! तक्रार नोंदवताच केंद्राने जुना पत्ता कायमचा रद्द केला, आणि नव्या कार्डाच्या पत्त्याची नोंद व्हायला आठवडा लागेल म्हणून कळवलं. आठवडा! घरातला राखीव सिलिंडर जेमतेम रात्रभर पुरणार होता.

मृदुला एका बँकेचं संगणकांचं जाळं सांभाळायची नोकरी करत होती. कोरलेला पत्ता पुसता येत नाही, पण कार्डाला दुसऱ्याच पत्त्याने बोलायला लावता येतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. प्रश्न एवढाच होता, की केंद्राला ओळखीचा, पण कुणाच्या वापरात नसलेला पत्ता आणायचा कुठून? तेव्हा तिला म्हेतरतात्या आठवले. ते आप्पांच्या कारखान्यातलेच, छातीचं दुखणंही तेच. नुकतेच वारले. त्यांचं यंत्र तिनेच जोडून दिलं होतं, त्यामुळे पत्ता तिच्याकडे होता. यंत्र एव्हाना केंद्रात परत गेलं असणार, पत्ता मात्र अजून नोंदीत असणार, असं ती धरून चालली. दुःखाच्या घरात जाऊन 'तात्यांच्या यंत्राचं काय केलंत?' असं विचारायचं कसं? ती संकोचली, आणि सकाळी तिने तात्यांचा पत्ता आप्पांच्या यंत्राला देऊन टाकला.

आता आप्पांचं यंत्र फुसफुसत होतं, तरीही पिपाणी ऐकू येत होती. बारीक, लांबून, गल्लीच्या टोकाकडून.

मृदुलाला शंका आली. तिने लॅपटॉप उघडला. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या तारा खांबावरच्या एकाच पेटीत जातात, आणि ज्या तारेवरून एखादा पत्ता शेवटचा बोलला, त्याच तारेवर पेटी त्याचे हुकूम पाठवते. तात्यांचा पत्ता दोन तारांवरून बोलत होता. आप्पांचं यंत्र बोललं, की हवा आप्पांना. दुसरं बोललं, की हवा तिकडे. सकाळपासून ती दोन माणसं एकमेकांच्या तोंडचा श्वास ओढून घेत होती, आणि हे तिनेच केलं होतं.

ती तशीच अनवाणी पळत सुटली.

आवाज जुलेखाच्या घरातून येत होता. शाळेत तिच्याबरोबर एका बाकावर बसलेली आणि पुढे मागावर कामाला लागलेली जुलेखा भिंतीला टेकून, डोळे फाडून हवा शोधत होती. उशाशी तात्यांचं यंत्र ठणाणा करत होतं, आणि तात्यांच्या पत्नी शालनकाकू तिची पाठ चोळत होत्या.

"अगं मृदुला, बघ गं काय झालंय याला! कालपर्यंत छान चालत होतं."

"काकू, हे इथे कसं?"

"तेराव्याला दिलं. माणूस गेलं की त्याच्या वस्तू गरजूला देतातच की. अंथरूण दिलं, छत्री दिली. मग हेच तेवढं कशाला ठेवू? यंत्रासाठी पोरीचा नंबर लागेना केंद्रात."

मृदुलाचा हात यंत्राच्या तारेवर गेला आणि तिथेच थबकला. ही तार काढली, तर आप्पा सुखरूप. नाही काढली, तर दोघंही असेच तडफडणार. घरी जाऊन आप्पांची तार काढायची? छे! विचारही नको. जुलेखाने तिचं मनगट पकडलं. त्या पकडीत जोर असा नव्हताच, आणि मृदुलाला रडू फुटलं.

"काकू, हिला धरा त्या बाजूने. आमच्याकडे न्यायचं. आत्ता, लगेच!"

तार उपटून दोघींनी तिला अक्षरशः उचलत गल्लीतून आणलं आणि आप्पांच्या खाटेवर पायथ्याशी बसवलं. मृदुलाने दोन फाट्यांची नळी जोडली, एक फाटा आप्पांना, दुसरा जुलेखाला. यंत्र क्षणभर अडखळलं, मग दोघांचा श्वास एकच धरून जोराने फुसफुसायला लागलं. जुलेखाच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. आप्पांनी नळी सावरत तिच्याकडे पाहिलं आणि पाय आखडून तिला जागा करून दिली.

तेवढ्यात यंत्राच्या पडद्यावर केंद्राचा निरोप आला. मृदुलाने तो मोठ्याने वाचला. 'श्री. म्हेतर, आपला श्वास आज नेहमीपेक्षा खोल आहे. प्रकृतीत सुधारणा दिसते.'

शालनकाकू पडद्याजवळ सरकल्या. त्या नावावरून त्यांनी बोट फिरवलं.

"मृदुला, उद्या त्यांच्या मृत्यूचा दाखला केंद्रात द्यायला बोलावलंय मला. तो दिला की काय होईल?"

"तात्यांचा पत्ता बंद होईल, काकू."

"आणि ही दोघं?"

मृदुलाने नळीचा सुटू पाहणारा फाटा पुन्हा घट्ट बसवला. काकूंनी पदराने डोळे टिपले.

"आत्ता कुठे मन घट्ट करून मी त्यांना गेलेलं मानलं होतं गं," त्या म्हणाल्या. "मग आता सांग, त्यांना अजून किती दिवस जिवंत ठेवू?"