देवीचा तुटका कान

म्हातारा संग्राहक आपल्या वस्तूंच्या खोलीत पालथा पडला होता. कवटी मागून फुटलेली. शेजारी देवीचं दगडी शिर, रक्ताने माखलेलं, एक कान तुटलेला.

इन्स्पेक्टरबाईंनी खोलीभर नजर फिरवली. प्रेताच्या अगदी हाताशी ब्राँझचा जड घोडा होता. शिराचा चौथरा मात्र पार पलीकडच्या भिंतीजवळ. त्यांनी कान उचलून पाहिला. तुटल्या जागी करडी वाळू आणि गंजकी तार.

दार शाबूत होतं. सकाळी दोघंच येऊन गेली होती: म्हाताऱ्याची मुलगी आणि त्याला वर्षानुवर्षं जुन्या वस्तू विकणारा लिलाववाला.

मुलीचे डोळे कोरडे होते.

"भांडण झालं?"

"नेहमीचंच. म्हणाले, लिलाव रद्द. सगळं संग्रहालयाला देणार. उद्या तिथले तज्ज्ञ तपासायला येणार होते."

"एक वस्तू फुटलीय."

"कुठली? देवीचं शिर तर नाही ना?" ती ताडकन उठली. "आईचं ऑपरेशन लांबवून आणलं होतं ते. आई गेली. मला त्यातून निदान घर मिळालं असतं!"

तिच्यानंतर आत आलेला लिलाववाला कोटाची बाही झटकत बसला.

"लिलाव रद्द झाल्याने राग आला?"

"छे! त्यांची वस्तू, त्यांची मर्जी."

"एक वस्तू फुटलीय."

"अरेरे. बाकीच्या ठीक आहेत ना?"

इन्स्पेक्टरबाईंनी दोघांना त्या खोलीत आणलं.

"खुन्याने हाताशी असलेला घोडा सोडून दूरचं शिर उचललं," त्या म्हणाल्या. "का? खऱ्या वस्तूला ओरखडा नको म्हणून. हे शिर सिमेंटचं आहे, आत तार घालून ओतलेलं. तज्ज्ञांनी ते ओळखलं असतं, आणि विकणाऱ्याची अब्रू गेली असती. ताईंना ते अस्सल वाटत होतं, त्यांनी त्याला हात लावला नसता. तुम्ही मात्र काय फुटलं हेसुद्धा विचारलं नाहीत."

लिलाववाल्याने खांदे उडवले. "म्हाताऱ्याचं डोकं काय, कुठेही फुटलं असतं. तो घोडा पुन्हा घडणार होता का?"

"म्हणजे आई सिमेंटपायी गेली?" मुलीने हळूच विचारलं.

तिने फळीवरची नाजूक मातीची सुरई उचलली.

"ही खरी?"

"खरी! जपून, बाई, जपून..."

इन्स्पेक्टरबाईंनी तिला अडवायला पुढे केलेला हात मागे घेतला. सुरई फरशीवर फुटली, तशी लिलाववाल्याने किंकाळी फोडली आणि शिपायाने बेड्यांसाठी धरलेले हात सोडवून तो गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करू लागला.